चंदेरीची पाठ

मकबूलने तबेल्याच्या भिंतीवर कोळशाने पहिली रेघ ओढली, तेव्हा अय्युब हसला होता.

"चाचा, म्हातारपणी चित्रकला?"

मकबूलच्या हातात अ‍ॅल्युमिनियमची जाड तार होती. ती त्याने चंदेरी घोडीच्या पाठीवर, खोगीर बसतं तिथे, आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी दाबली होती. तारेने पाठीचा आकार घेतला. तसाच तो उचलून भिंतीला लावला आणि कडेने कोळसा फिरवला. चांगल्या घोड्याची पाठ अशी उतरवली तर भिंतीवर पालथ्या परातीची गोलाई दिसते. इथे दिसलं ते कौलारू छपराचं टोक. मधोमध कणा उघडा पडलेला आणि दोन्ही बाजूंचं मांस वाहून गेल्यासारखं. मकबूलने रेघेखाली ‘एप्रिल’ लिहिलं आणि हात पुसले.

येरवड्यात नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीच्या टोकाला हा तबेला. पत्र्याचं छप्पर, शहाबादी फरशी, चार घोडे आणि सोनेरी रंग उडालेली एक बग्गी. धंदा वरातीच्या घोड्यांचा. मालक अय्युब, आणि मकबूल त्याचा सख्खा चुलता. रेसच्या घोड्यांच्या तबेल्यांत तीस वर्षं मोतद्दारी करून मकबूल निवृत्त झाला आणि घरी बसून बायकोशी, हमीदाशी, भांडण्यापेक्षा पुतण्याची घोडी सांभाळलेली बरी, म्हणून इथे आला. चंदेरीला त्यानेच तीन वर्षांची असताना बाजारातून आणली, त्यानेच वाढवली आणि नाचायलाही त्यानेच शिकवलं. पांढरीशुभ्र, लांब आयाळीची ही घोडी पुढे नऊ वर्षं शनिवार पेठेपासून हडपसरपर्यंत गाजली. ‘नाचरी चंदेरी’ असं छापलेली कार्डं अय्युबच्या खिशात कायम असायची.

मग माघातली ती वरात झाली. चंदेरीची खासियत अशी की ढोल वाजायला लागला की ती लाकडी बाजेवर चढून नाचायची. पण बाजेवर चढायची ती रिकाम्या पाठीने. त्या दिवशी नवरदेवाच्या मित्रांनी हट्ट धरला की नवरदेवासकट चढवा. नवरदेव चांगला भरलेला, शिवाय मित्रांच्या आग्रहाने आणखी जड झालेला. अय्युब नको म्हणाला, मग बरं म्हणाला. लगाम मकबूलच्या हातात होता. त्याने ‘नाही’ म्हटलं असतं तर घोडी चढली नसती, आणि हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं आणि नंतर तर रोजच ठाऊक होतं. बाजेचा पाय मोडला. घोडी मागच्या पुठ्ठ्यावर आदळली, वर नवरदेव. नवरदेवाचं कोपर खरचटलं, त्याची चौकशी चारशे माणसांनी केली. घोडी उठली, थरथरली आणि ढोल थांबला नव्हता म्हणून पुन्हा नाचायला लागली. त्यावर टाळ्याही पडल्या.

दुसऱ्या दिवशी ती पाठीवर माशी बसली तरी खाली दबत होती. सदाशिव पेठेतून डॉक्टर सुहासिनीबाई आल्या. बाई साठीच्या, स्कूटरवरून हिंडणाऱ्या आणि माणसांपेक्षा जनावरांशी गोड बोलणाऱ्या. त्यांनी घोडीच्या पाठीवरून दोन बोटं फिरवली, मानेखालचा फुगलेला जाड स्नायू पाहिला आणि भिंतीला लटकलेला मान वर बांधायचा पट्टा पाहिला.

"हिला काय झालंय ते सांगते," त्या म्हणाल्या. "कुणी केलंय तेही सांगते, त्याचे वेगळे पैसे नाहीत."

मकबूल खाली मान घालून उभा राहिला.

"मान खाली गेली की घोड्याची पाठ वर येते, मकबूलभाई. मान वर बांधली की पाठ खाली बसते. एवढं साधं आहे. तुम्ही नऊ वर्षं हिची मान आभाळाला बांधलीत आणि बसक्या पाठीवर माणसं बसवलीत. बाज मोडली हे निमित्त. हिची पाठ आधीच मोडत आली होती."

"डॉक्टरबाई, वरातीचा घोडा मान खाली घालून चालला तर लोक म्हणतात, आजारी जनावर आणलं."

"आता खरंच आजारी आणलंत असं म्हणतील. समाधान झालं?"

पण जाताना त्यांनी सगळं नीट समजावलं. दीड महिना विश्रांती. मग सहा महिने पाठीवर कुणी नाही, खोगीरसुद्धा नाही. चंदीचा दाणा जमिनीवरच ठेवायचा, म्हणजे मान खाली राहील. रोज हळूहळू चढावर चालवायचं. जमिनीवर बांबू मांडून त्यावरून पाय उचलून न्यायचं. गाजर दाखवून मान पुढच्या पायांच्या मध्ये आणायची. आणि रोज सकाळी पोटाखाली मधोमध बोटांनी खाजवायचं.

"खाजवलं की ती पोट आत घेईल आणि पाठ वर उचलेल. आपोआप. तसं दहादा. पाठ ही पोटाने उचलायची असते, हे तिचं शरीर विसरलंय. तुम्ही शिकवा. शिकवण्यात तुम्ही हुशार आहात म्हणे."

हे शेवटचं वाक्य मकबूलला कितीतरी दिवस टोचत राहिलं.

अय्युब वाईट माणूस नव्हता, पण मालक होता. त्याने मुदत दिली ती तुळशीच्या लग्नापर्यंत. तोवर घोडी नवरदेव घेऊन नुसती चालली तरी पुष्कळ, नाचायला नको, म्हणाला. आणि नाहीच झाली तर वाघोलीच्या पलीकडे गेनबा होता. गेनबाची वीटभट्टी होती आणि त्याला गाड्याला जनावर हवंच होतं. एकदा येऊन तो बघूनही गेला.

"पाठ कशाला बघायची? आमाला काय बसायचं हाय का तिच्यावर? गाडा वढायचा," तो म्हणाला आणि चंदेरीचे दात बघून तंबाखू मळायला लागला.

भट्टीवर घोडं किती वर्षं टिकतं हे मकबूलला माहीत होतं. वर्षं मोजायची वेळच येत नाही. त्या दिवशी त्याने ठरवलं की तुळशीच्या लग्नाला चंदेरी स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या पाठीवर, वरातीत चालेल आणि गेनबा आपल्या घरी तंबाखू मळत बसेल.

मग तो पोराच्या मागे लागतात तसा तिच्या मागे लागला. पहाटेच तबेल्यात यायचा. पोटाखाली बोटं घालायचा, चंदेरी कान मागे टाकायची, शेपूट झटकायची आणि पाठ उचलायची. कणभर, पण उचलायची. "शाबास बेटा," म्हणून मकबूल गाजर द्यायचा. मग तिला घेऊन टेकाडाकडच्या चढावर. मोरकी सैल, मान खाली, दोघंही रस्त्यावर काहीतरी पडलंय ते शोधत असल्यासारखे चालायचे. गल्लीतली माणसं म्हणायची, "मकबूलभाईंनी घोडीला नमाज शिकवायला घेतलीय वाटतं." संध्याकाळी खरारा आणि तेल. हमीदा घरी म्हणायची, "चाळीस वर्षांत माझी कंबर कधी अशी चोळली नाहीत." त्यावर मकबूल म्हणायचा, "तुझी मान मी कधी वर बांधली नाही." आणि मग त्याला हसूच येत नसे.

पहिला महिना काहीच दिसलं नाही. अय्युबचं म्हणजे पी हळद आणि हो गोरी. तो रोज विचारायचा आणि मकबूल रोज भिंतीकडे बोट दाखवायचा. मे अखेरच्या रेघेला छपराचं टोक जरा बोथट झालं. जूनमध्ये बाजू भरल्या. चढ चढताना आता तिचा मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडायला लागला आणि पाठ चालीबरोबर झुलायला लागली. तीस वर्षं लाखमोलाचे घोडे फिरवलेल्या मकबूलने एवढी सुंदर चाल पाहिली नव्हती, निदान त्याला तसं वाटलं. जुलैची तार भिंतीला लावली तर ती जवळजवळ परात होती.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी पाठ दाबली, घोडी दबली नाही. त्यांनी भिंतीवरच्या चारही रेघा चष्मा वर करून पाहिल्या.

"बरं आहे," त्या म्हणाल्या.

सदाशिव पेठेत ‘बरं आहे’ म्हणजे शाल आणि श्रीफळ. मकबूल त्या दिवशी घरी जाताना जिलेबी घेऊन गेला.

आणि त्याच आठवड्यात नदीकाठच्या मोकळ्या जागेवर ढोलपथक आलं.

गणपतीला दोन महिने होते. संध्याकाळी सहाला पथकाची मुलंमुली कामावरून, कॉलेजातून यायची, ढोल कमरेला बांधायची आणि नऊपर्यंत सराव करायची. पहिल्या संध्याकाळी मकबूल चंदेरीला तेल लावत होता. पहिला ठोका पडला आणि त्याच्या हाताखालची पाठ खाली गेली. त्याला ते हाताला कळलं, डोळ्यांना नंतर. तिची मान वर गेली, कान ताठ झाले, मानेखालचा तो जुना स्नायू फुगला. कुणी पट्टा बांधला नव्हता, लगाम नव्हता, अंगावर मोरकीशिवाय काही नव्हतं. आणि चंदेरी जागच्या जागी नाचायला लागली. फरशीवर टाप, टाप, टाप. तीन तास.

मकबूल मोरकी धरून तिची मान खाली ओढत राहिला. अर्ध्या टनाच्या जनावराशी कुस्ती खेळण्याचं त्याचं वय नव्हतं.

त्याने काय काय नाही केलं. तेलात भिजवलेले कापसाचे बोळे कानात घातले. तिला ढोल पायांतून, जमिनीतून कळायचा. संध्याकाळी तिला घेऊन तो लांब टेकाडावर गेला. तर तिथे खाली दुसरं पथक. त्या दोन महिन्यांत पुण्यात ढोल ऐकू येणार नाही अशी जागा शोधणं म्हणजे लग्नात न रुसलेला व्याही शोधण्यासारखं. शेवटी तो पथकाकडे गेला. एक चष्मेवाली मुलगी, बहुतेक तीच प्रमुख, मोठ्या अदबीने त्याच्याबरोबर तबेल्यात आली. मागे सराव चालूच होता.

"ओ माय गॉड, आजोबा! किती ग्रेसफुल आहे ती! तिला म्युझिक इतकं आवडतं?" तिने मोबाइल काढला.

"आवडत नाही, बेटा," मकबूल म्हणाला. "दुखतंय तिला."

मुलीने मोबाइल खाली घेतला. ती खरंच ओशाळली. जागा बदलता येते का बघते म्हणाली, पण परवानगी इथलीच होती आणि सव्वाशे माणसं होती. त्यात तिचीही चूक नव्हती. चूक कुणाची होती ते मकबूलला पक्कं ठाऊक होतं.

नऊ वर्षांपूर्वी याच फरशीवर त्याने तीन वर्षांच्या चंदेरीला दोन खांबांच्या मध्ये बांधलं होतं. मान वर. अय्युब ढोल वाजवायचा आणि मकबूल चिंचेच्या शिमटीने तिच्या पायाच्या नळीवर ठोक्याठोक्याला मारायचा. पाय उचलला की शिमटी थांबायची. उभी राहिली की पुन्हा सुरू. सगळे असंच शिकवतात. त्याच्या उस्तादानेही असंच शिकवलं होतं. पंधरा दिवसांत ती शिकली. लोकांना वाटायचं घोडी ढोल शिकली. ती शिकली होती एवढंच की ढोल वाजला की दुखतं आणि नाचलं की दुखणं थांबतं. आता ढोल वाजला की ती नाचायची, नाचलं की पाठ दुखायची, आणि दुखलं की तिला माहीत असलेला एकच उपाय ती करायची. आणखी नाचायची.

हे सगळं मकबूलला त्या मुलीला सांगता आलं नाही. त्याला ते हमीदालाही सांगता आलं नाही.

ऑगस्टची रेघ जुलैच्या आत पडली, जूनच्याही आत. डॉक्टरबाई म्हणाल्या, "इथून लांब न्या. आजच्या आज. हा प्रश्न औषधाचा नाही."

अय्युबने गेनबाला फोन केला. गेनबा आलाही.

"न्हेतो की दोन म्हैनं. पावसात भट्टी बंद हाय. वाजंत्री नाय, काय नाय. चरंल निवांत. गणपती बुडलं की घिऊन जावा."

अय्युबलाही ते पटलं होतं. पण मकबूल आडवा आला. भट्टीवर गेलेलं घोडं परत आलेलं त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. गेनबाच्या तंबाखूवर, अय्युबच्या हिशेबावर, कशावरच त्याचा विश्वास नव्हता. चार महिने घाम गाळून त्याने जी पाठ उभी केली ती दुसऱ्याच्या दावणीला बांधायची? आपण शिकवलेलं आपण पुसू शकतो, असंही कुठेतरी त्याच्या मनात होतं. मोतद्दाराचा माज मालकापेक्षा मोठा असतो.

"शिकवलंय मी, विसरायलाही मीच लावतो," तो म्हणाला.

गेनबाने तंबाखू थुंकली. "जनावर इसरत नस्तंय, मकबूलभाई. माणूस इसरतो."

त्यानंतर चौथ्या संध्याकाळी पथकात नवे चाळीस ढोल आले होते. ताशेही होते. दिवसभर रिपरिप पाऊस झालेला, फरशी ओली. सकाळीच मकबूलने पोटाखाली बोटं घातली होती आणि चंदेरीने पाठ उचलायला वेळ लावला होता. त्याचं डोकं तेव्हापासूनच ठिकाणावर नव्हतं. सहा वाजले. पहिला ठोका पडला. मान वर, पाठ खाली, टाप, टाप.

"उभी राहा," तो म्हणाला. मग ओरडला, "उभी राहा, म्हणतो ना!"

ती नाचत होती. तिच्या अंगाला घाम सुटला होता, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. मकबूलने चंदीच्या पोत्यावर चढून आढ्यात खोचलेली शिमटी काढली. नऊ वर्षं ती तिथेच होती, धुळीने काळी पडलेली. त्याचा विचार साधा होता. तेव्हा उभं राहिलं की मारलं, म्हणून नाचायला शिकली. आता नाचलं की मारायचं, म्हणजे उभं राहायला शिकेल.

त्याने तिच्या नळीवर शिमटी ओढली.

क्षणभर ती खरंच थांबली. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मकबूलला वाटलं, जमलं. मग तिने पाय उचलले, पूर्वी कधी उचलले नव्हते एवढे उंच. त्याने दुसरी ओढली आणि ओढता ओढताच त्याला कळलं की आपण काय केलं. शिमटीचा अर्थ तिला एकच माहीत होता, आणि तो त्यानेच सांगितलेला होता. त्याने शिमटी टाकली. पण आता उपयोग नव्हता. चंदेरी मागच्या पायांवर उठली, बाजेवर चढताना उठायची तशी. ओल्या फरशीवर मागचे खूर एकदम पुढे सरकले आणि ती पुठ्ठ्यावर बसली. लाकूड पिचल्यासारखा आवाज झाला. मग ती कुशीवर कलंडली.

अय्युब धावत आला तेव्हा मकबूल तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मागचे पाय मेल्यासारखे पडले होते. पुढचे दोन हलत होते, हवेत, ठोक्यावर. बाहेर ढोल चालू होता आणि चंदेरी आडवी पडून नाचत होती. अय्युबने ते पाहिलं आणि तोंडावर हात धरून तो भिंतीकडे वळला. तिथे त्या रेघा होत्या.

डॉक्टरबाई पाऊण तासात आल्या. त्यांनी मागच्या पायाला सुई टोचली, मग वर टोचली, मग आणखी वर. घोडीने दखल घेतली नाही. त्या उठल्या. फरशीवर पडलेली शिमटी त्यांनी पाहिली आणि माणसाला कधीच न सोडणाऱ्या त्या बाई त्यावर एक अक्षरही बोलल्या नाहीत. मकबूलला वाटलं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अय्युब, ते वाजवणं थांबवायला सांग," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं तरी."

अय्युब धावला. त्या चष्मेवाल्या मुलीने हात वर केला आणि सव्वाशे माणसं एकदम थांबली. महिनाभर विनवून जे झालं नव्हतं ते एका क्षणात झालं. नदीकाठ सुना पडला. चंदेरीचे पुढचे पाय हळूहळू थांबले. तिने लांब श्वास सोडला आणि मान सैल टाकली. खाली.

डॉक्टरबाई पिशवीतून इंजेक्शन काढून औषध भरत होत्या. मकबूलला काही सुचत नव्हतं. तिला थोपटावं म्हणून त्याने हात लांब केला आणि पाच महिन्यांच्या सवयीने तो पोटाखाली, मधोमध गेला. बोटं आपोआप हलली.

चंदेरीने कान मागे टाकले. तिने पोट आत घेतलं. आणि अर्धं अंग मेलेलं असताना, फरशीवर आडवी पडलेली ती घोडी पुढची जेवढी जिवंत होती तेवढी पाठ उचलायला लागली. एकदा. पुन्हा एकदा. मकबूलने तिला आयुष्यात दोन गोष्टी शिकवल्या होत्या, आणि ती दोन्हींतली एकही विसरली नव्हती.

"शाबास," तो म्हणायला गेला. त्याच्या तोंडून नुसता आवाज आला. अय्युबने आपल्या चुलत्याला असा आवाज करताना कधी ऐकलं नव्हतं.

"हात काढा, मकबूलभाई," डॉक्टरबाई गुडघ्यावर बसत हळूच म्हणाल्या. "तुमचा हात तिथे आहे तोवर ती काम करत राहील."

त्याने हात काढला.